साडेतीन ताऱ्यांमागचा कान

राजुऱ्याहून आसिफाबादकडे जाणारा रस्ता महाराष्ट्राची हद्द ओलांडून तेलंगणात शिरतो आणि थोड्याच अंतरावर वांकिडी लागते. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे मंडलाचे गाव २०१६ साली झालेल्या पुनर्रचनेत आसिफाबाद जिल्ह्यात गेले. त्या जिल्ह्याला आज कुमरम भीम यांचे नाव आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तीन भाषा या सीमावर्ती पट्ट्यात शेजारी शेजारी नांदतात. एकेकाळी नवी ध्वनिमुद्रिका अशा गावापर्यंत पोहोचायला बराच काळ लागे. आता पणजीत किंवा मुंबईत मध्यरात्री प्रकाशित झालेला अल्बम वांकिडीतल्या मोबाइलवर त्याच क्षणी ऐकता येतो. गाणे मिळत नाही, ही अडचण संपली. एवढ्या गाण्यांतून कोणते ऐकावे, ही अडचण सुरू झाली.

या दुसऱ्या अडचणीवर वृत्तपत्रांनी शोधलेला जुना उपाय म्हणजे परीक्षण. तीन-चारशे शब्दांचा मजकूर आणि शेवटी दोन, तीन किंवा साडेतीन तारे. वाचक घाईत असेल तर मजकूर वगळतो आणि तारे मोजतो. पणजीचा अल्बम वांकिडीत ऐकावा की नाही, हे त्या ताऱ्यांवर ठरू शकते. पण प्रवास उलट दिशेने झाला तर? वांकिडीच्या परिसरातील कुणी आपले गाणे ध्वनिमुद्रित करून पणजीच्या किंवा मुंबईच्या समीक्षकाकडे पाठवले, तर तो ते कोणत्या मापाने मोजेल? तारे देण्याची पद्धत कशी चालते आणि ती कुठे अपुरी पडते, हे समजून घेण्यासाठी हा उलटा प्रश्न फार उपयोगी आहे.

तीन मिनिटांपासून अल्बमपर्यंत

भारतात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झाले. गौहर जान या त्या पहिल्या सत्रांतील सर्वांत गाजलेल्या गायिका. त्या काळच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. मैफलीत तासभर चालणारा राग एवढ्या अवधीत बसवणे ही गायकाची परीक्षा होती आणि ते ऐकून गायकाविषयी मत बनवणे ही श्रोत्याचीही परीक्षा होती.

‘अल्बम’ हा शब्द या तबकड्यांमुळेच संगीतात आला. एखादी दीर्घ रचना अनेक तबकड्यांवर विभागली जाई आणि त्या सर्व तबकड्या पुस्तकासारख्या बांधणीत एकत्र विकल्या जात. छायाचित्रांच्या संग्रहासारखी दिसणारी ती बांधणी म्हणजे अल्बम. १९४८ साली दीर्घ अवधीची तबकडी, म्हणजे एलपी, बाजारात आली आणि एकाच तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. बांधणी गेली, शब्द राहिला. पुढे ध्वनिफीत आली, मग सीडी आली आणि आता तर हातात धरण्यासारखी वस्तूच उरली नाही. तरीही एका नावाखाली, एका क्रमाने मांडलेली गाणी, हा अल्बमचा अर्थ टिकून आहे.

परीक्षणाच्या दृष्टीने हा इतिहास महत्त्वाचा आहे. सुट्या गाण्याचे परीक्षण आणि अल्बमचे परीक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्बममध्ये गाण्यांचा क्रम, त्यांतील परस्परसंबंध, एकूण अवधी आणि सुरुवात-शेवट यांचाही विचार करावा लागतो. आठपैकी दोन गाणी उत्तम असली म्हणून अल्बम उत्तम ठरत नाही. आणि एकही गाणे लोकांच्या ओठी बसले नाही म्हणून तो फसला असेही होत नाही.

गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकरांचे उदाहरण येथे बोलके आहे. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या या शिष्येची गायकी विस्ताराची, पेचदार आणि दमसासाची. तबकडीच्या तीन मिनिटांत ती पूर्णपणे दिसणे शक्य नव्हते. तरीही १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सुवर्ण तबकडीवर जगभरातील संगीताचे जे २७ नमुने निवडले गेले, त्यांत केसरबाईंची भैरवीतील सुमारे साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका होती. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली होती. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबर रोजी उड्डाण केले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाईंचे निधन झाले. त्या शिफारशीला एकही तारा जोडलेला नव्हता. एका जाणत्या कानाने दुसऱ्या संस्कृतीतील गाणे ऐकले, त्याचे मोल ओळखले आणि ते का घ्यावे हे इतरांना पटवले. परीक्षणाचे मूळ काम याहून वेगळे नाही.

तारे आले कुठून

गुणवत्ता चिन्हांनी दाखवण्याची सवय संगीतापूर्वीची आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रवासमार्गदर्शक पुस्तकांत पाहण्याजोगी स्थळे आणि चित्रे ठळक करण्यासाठी उद्गारचिन्हे आणि तारे वापरले जात. वृत्तपत्रात चित्रपटाला तारे देण्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी १९२८ साली केली. त्यांच्या पद्धतीत जास्तीत जास्त तीन तारे होते.

ध्वनिमुद्रिकांची समीक्षा स्वतंत्र विषय म्हणून रुजवण्यात १९२३ साली कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या ‘ग्रामोफोन’ या मासिकाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत रॉबर्ट ख्रिस्तगाऊ यांनी १९६९ पासून ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये अल्बमना शाळेतल्या प्रगतिपुस्तकाप्रमाणे अक्षरश्रेणी देण्यास आरंभ केला. आपल्या सदराला त्यांनी दिलेले नाव ‘ग्राहक मार्गदर्शक’ अशा अर्थाचे होते आणि त्यातच भूमिका स्पष्ट होती: वाचक पैसे मोजणार आहे, तेव्हा त्याला थोडक्यात सांगा. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने १९८१ पासून पाच ताऱ्यांची पद्धत स्वीकारली. नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ‘पिचफोर्क’ने शून्य ते दहापर्यंत दशांशासह गुण देण्याची रीत आणली, म्हणजे ७.८ आणि ७.९ यांतही फरक आला. २००१ साली सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ने निरनिराळ्या प्रकाशनांची अक्षरे, तारे आणि गुण शंभरपैकी अंकांत बदलून त्यांची भारित सरासरी काढायला सुरुवात केली.

चिन्ह असे क्रमाक्रमाने सूक्ष्म होत गेले. पण ऐकणारा कान मात्र एकाच माणसाचा राहिला. दशांश चिन्हामुळे मोजणी अचूक असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात गाणे तराजूत घालता येत नाही आणि तेच गाणे सोमवारी ७.८ व गुरुवारी ७.५ वाटू शकते, हे कोणताही प्रामाणिक समीक्षक मान्य करील.

मराठीची वाट वेगळी

मराठी संगीतसमीक्षेने ताऱ्यांचा आधार न घेता आपली घडण केली. केशवराव भोळे (१८९६–१९७७) यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने ‘वसुंधरा’ साप्ताहिकात तत्कालीन गायकांवर लेख लिहिले आणि १९३३ साली ते ‘आजचे प्रसिद्ध गायक’ या नावाने पुस्तकरूपात आले. हयात आणि लोकप्रिय कलावंतांविषयी, त्यांच्या आवाजाच्या लगावापासून मांडणीपर्यंत, कारणांसह लिहिण्याचा तो मोलाचा प्रयत्न होता. टोपणनावामुळे लेखकाला मोकळेपणा मिळाला असेल. पण लेखाचे वजन त्याच्या कारणांत होते.

भोळे स्वतः गायक आणि संगीतकार होते. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटांचे संगीत त्यांचे. त्यांच्या पत्नी ज्योत्स्ना भोळे या मूळच्या गोव्यातील बांदिवड्याच्या आणि मराठी भावगीत व नाट्यसंगीतातील अग्रगण्य गायिका. म्हणजे ज्या क्षेत्राविषयी लिहायचे, त्याच क्षेत्रात घर होते. आजच्या भाषेत याला हितसंबंधांचा प्रश्न म्हणतात. त्याचे दोन परिणाम संभवतात. समीक्षक कलेच्या आतल्या अडचणी जाणतो, हा लाभ. आणि ओळखीच्या माणसांविषयी लिहिताना त्याचा हात अडखळू शकतो, हा धोका. लाभ घेऊन धोका टाळायचा असेल तर एकच मार्ग उरतो: आपण काय ऐकले आणि कोणत्या कसोटीवर ते पारखले, हे वाचकासमोर उघड मांडणे.

वामनराव हरी देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात हे स्पष्ट दिसते. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या देशपांड्यांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या आधारे केली. किराणा घराण्याचा ओढा स्वराकडे, आग्रा घराण्याचा लयीकडे आणि जयपूर घराण्यात दोहोंचा तोल, असा त्यांचा विचार होता. त्यात ग्रंथकाराचा स्वतःचा कल उघड आहे. तथापि मोजपट्टी टेबलावर ठेवलेली असल्यामुळे वाचकाला त्यांच्याशी वाद घालता येतो. नुसत्या ताऱ्याशी वाद घालता येत नाही.

परीक्षण कसे घडते

अल्बमचे परीक्षण लिहिण्याची रीत देशोदेशी आणि भाषाभाषांत बरीचशी सारखी आहे. पूर्वी कंपनीकडून ध्वनिमुद्रिका किंवा ध्वनिफीत विनामूल्य येई. आता प्रकाशनापूर्वी एक खासगी दुवा येतो. सोबत प्रसिद्धीपत्रक असते. त्यात अल्बम ‘अभूतपूर्व’ असल्याचे आधीच ठरलेले असते. जाणता समीक्षक ते पत्रक बाजूला ठेवतो. त्यातून फक्त गीतकार, संगीतकार, वादक आणि ध्वनिमुद्रकांची नावे घेतो.

पहिले ऐकणे सहसा काहीही न लिहिता होते. गाणे आपणहून कुठे थांबवते आणि कुठे लक्ष उडते, एवढेच त्यात पाहायचे असते. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवले जातात आणि नोंदी सुरू होतात: कोणत्या गाण्यात, कितव्या मिनिटाला, काय घडले. तिसरे ऐकणे काही दिवसांनी झाले तर उत्तम. कारण पहिल्या दिवशी चकित करणारी गोष्ट दुसऱ्या आठवड्यात क्लृप्ती वाटू शकते आणि पहिल्यांदा साधी वाटलेली चाल मनात घर करते.

या नोंदी बहुधा पुढील अंगांनी होतात. चाल शब्दांचा अर्थ पुढे नेते की त्यावर ओझे टाकते. गायकाचा स्वर, श्वास आणि उच्चार कसे आहेत. मराठी गाण्यात ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले आहेत काय. वाद्यमेळ गाण्याला आधार देतो की रिकामी जागा भरतो. ध्वनिमुद्रणात आवाज स्पष्ट आहे की नुसताच मोठा. गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावला आहे काय. आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न: यात नवे काय आहे, आणि नवे नसेल तर जुने किती निष्ठेने सांभाळले आहे.

यानंतर तुलना येते. तुलना तीन गोष्टींशी होते: त्या कलावंताच्या आधीच्या कामाशी, त्या प्रकारातील उत्तम कामाशी आणि अल्बमने स्वतः स्वीकारलेल्या उद्दिष्टाशी. तिसरी तुलना अनेकदा राहून जाते आणि अन्याय तेथेच होतो. मुलांसाठी केलेल्या बडबडगीतांच्या अल्बममध्ये रागविस्तार शोधणे जितके चुकीचे, तितकेच नाट्यसंगीताच्या अल्बममध्ये ताल धरून नाचता येत नाही अशी तक्रार करणे चुकीचे. गोव्याच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. तियात्रातील कांतार आणि देवळातील भजन एकाच गावात, कधी एकाच वाड्यावर ऐकू येतात. कांतारात शब्दांची धार आणि प्रसंगावरचा टोला महत्त्वाचा. भजनात समूहाचा झेल आणि पखवाजाची चढती लय महत्त्वाची. दोन्हींना एकच पट्टी लावणारा दोन्हींना मुकतो.

साडेतीन ताऱ्यांचे गणित

लेख लिहून झाल्यावर तारे द्यायचे की तारे ठरवून लेख लिहायचा, हा समीक्षकाच्या प्रामाणिकपणाचा पहिला कस आहे. आधी तारे ठरले की मजकूर त्यांच्या समर्थनार्थ वाकतो. म्हणून लेख आधी पूर्ण करणे आणि मगच त्याला चिन्ह जोडणे, ही शिस्त चांगली.

ताऱ्यांची दुसरी अडचण दोन अल्बमच्या उदाहरणाने समजते. पहिल्या अल्बममध्ये सारे सुरात, तालात, नेटके आहे. पण एकही गाणे अनपेक्षित नाही. दुसऱ्यात निम्मी गाणी फसलेली आहेत; मात्र उरलेल्या निम्म्यांत पूर्वी कुणी न केलेले काहीतरी घडले आहे. दोन्हींना साडेतीन तारे मिळतील. चिन्ह एकच, परंतु हे दोन अल्बम दोन वेगळ्या श्रोत्यांसाठी आहेत. कोणता कोणासाठी, हे फक्त मजकूर सांगू शकतो. सरासरीच्या पद्धतीत तर हा फरक आणखी पुसला जातो: दहा समीक्षकांना बरा वाटलेला अल्बम आणि पाच जणांना अत्यंत आवडलेला व पाच जणांना मुळीच न आवडलेला अल्बम, या दोहोंची सरासरी एकच येऊ शकते.

तिसरी अडचण माणसाच्या स्वभावाची आहे. एक तारा देणे जड जाते, पाच देणे जबाबदारीचे वाटते. म्हणून तीन आणि साडेतीनची दाटी होते. सर्वांनाच साडेतीन मिळू लागले की साडेतीनचा अर्थ उरत नाही. वाचकानेही एकाच समीक्षकाचे तारे काही महिने पाहावेत. त्याचे ‘तीन’ म्हणजे नेमके किती, हे मग कळू लागते.

एका नादुरुस्त स्पीकरची गोष्ट

समीक्षक चुकतात, आणि मोठ्या वृत्तपत्रांचे समीक्षकही चुकतात. १९६७ च्या जून महिन्यात बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम जगभर डोक्यावर घेतला जात असताना ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाने त्यावर प्रतिकूल परीक्षण लिहिले. वाचकांचा मोठा रोष त्याने ओढवून घेतला. पुढे त्याने स्वतःच कबूल केले की, तो अल्बम ऐकताना त्याच्या स्टिरिओ यंत्रात बिघाड होता आणि एका बाजूचा स्पीकर नीट चालत नव्हता. दोन्ही बाजूंच्या ध्वनींच्या खेळावर उभारलेला अल्बम त्याने जणू अर्ध्या कानाने ऐकला होता.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. एक अगदी व्यवहारातला: समीक्षकाने कोणत्या साधनावर ऐकले, यावर निष्कर्ष बदलतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तबल्याचा डग्गा आणि पखवाजाची धूम जवळजवळ नाहीशी होते. तेच हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतात. म्हणून एकाहून अधिक साधनांवर ऐकणे आवश्यक. दुसरा धडा अधिक खोल आहे. त्या परीक्षणात गोल्डस्टीनने आपली कारणे मांडली होती. म्हणूनच वाचक त्याच्याशी भांडू शकले आणि पन्नास वर्षांनंतरही त्या परीक्षणाची चर्चा होते. कारणांसह झालेली चूक दुरुस्त होऊ शकते. कारणाविना दिलेला तारा बरोबर असला तरी त्यातून कुणी काही शिकत नाही.

लहान राज्यातील अवघड शेजार

मोठ्या शहरात समीक्षक आणि गायक यांची गाठ क्वचित पडते. लहान राज्यात मात्र ती पदोपदी पडते. ज्याच्या अल्बमवर रविवारी लिहायचे, तो सोमवारी जत्रेत भेटतो. कधी तो नातलग असतो, कधी मुलाचा गाण्याचा शिक्षक. गायकानेही बहुधा पदरचे पैसे घालून अल्बम केलेला असतो. अशा वेळी कठोर शब्द लिहिणे क्रूर वाटते आणि कौतुक लिहिणे सोपे जाते. कौतुकाच्या या सोप्या वाटेनेच परीक्षण आणि प्रसिद्धीपत्रक यांतील सीमा पुसली जाते.

ती पुसली गेल्याची लक्षणे वाचकाला ओळखता येतात. मजकुरात ‘श्रवणीय’, ‘अवीट’, ‘मंत्रमुग्ध’ अशी विशेषणे भरपूर असतात, पण एकाही गाण्याच्या एकाही जागेचा उल्लेख नसतो. तुलना नसते. वादकांची नावे नसतात. प्रकाशन सोहळ्याला कोण कोण उपस्थित होते, याची यादी मात्र गाण्यांच्या यादीहून लांब असते. असा लेख गायकाला दोन दिवस सुखावतो आणि त्याचे नुकसान करतो. कारण पुढच्या अल्बमसाठी त्यातून त्याला काहीच मिळत नाही.

कठोर असण्याचा अर्थ अपमान करणे असा नाही. ‘तिसऱ्या गाण्यात अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला श्वास तुटतो आणि शब्दाचे दोन तुकडे होतात’ हे वाक्य कठोर आहे आणि गायकाला उपयोगीही आहे. ‘गायन निराशाजनक’ हे वाक्य सौम्य वाटले तरी निरुपयोगी आणि म्हणूनच अधिक अन्यायकारक आहे. लहान राज्यात समीक्षकाला गायकाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे राहता येईल, ते अशा नेमक्या वाक्याच्या बळावर.

दरम्यान परीक्षणाची जागाच आकसत चालली आहे. ‘पिचफोर्क’सारखे प्रभावी प्रकाशनही २०२४ च्या आरंभी नोकरकपातीसह त्याच्या मालक कंपनीच्या दुसऱ्या मासिकात विलीन करण्यात आले. श्रोत्यापुढे पुढचे गाणे कोणते ठेवावे, हे आता बव्हंशी संगणकीय गणित ठरवते. ते गणित आधी काय ऐकले गेले यावरून नंतर काय ऐकवायचे ते निवडते. जे कुणी ऐकलेच नाही ते पुढे आणण्याची निकड त्याला नसते. ज्या भाषेचे आणि ज्या भूभागाचे श्रोते थोडे, त्यांचे संगीत या गणितात मागे राहते. नेमक्या अशा वेळी जाणत्या कानाने लिहिलेले चार परिच्छेद मोलाचे ठरतात.

पुन्हा वांकिडी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. आदिलाबादच्या जुन्या मुलखात गोंड समाजाची दंडारी दिवाळीच्या सुमारास रंगते. मोरपिसांचे भव्य शिरोभूषण घातलेले गुसाडी नर्तक गावोगाव फिरतात आणि ढोल-वाद्यांच्या ठेक्यावर नाचतात. या नृत्याचे ज्येष्ठ गुरू कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. गोंडांच्या कुलकथा गाण्याचे काम परंपरेने परधान करतात. किंगरी हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य त्यांचे. १९४० च्या दशकात या भागात राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे की, आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी होती, मात्र ते कथा गात त्या गोंडीत. मराठी बोलणाऱ्या गायकांनी दुसऱ्या भाषेतील महाकथा पिढ्यान्‌पिढ्या कंठात सांभाळल्या, ही मराठी वाचकाने अभिमानाने आणि नम्रतेने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

अशा किंगरीगायनाचा अल्बम उद्या एखाद्या दैनिकाच्या टेबलावर आला तर काय होईल? नेहमीची यादी हाती असलेला समीक्षक लिहील: चाल तीच तीच, वाद्यमेळ अपुरा, ध्वनिमुद्रण कच्चे, दोन तारे. त्यातले प्रत्येक निरीक्षण वरवर खरे असेल आणि एकूण निकाल चुकीचा असेल. कथागायनात चाल पुन्हा पुन्हा येते, कारण तिच्या आधाराने गायकाला शेकडो ओळी स्मरणात ठेवायच्या असतात आणि श्रोत्याला कथा ऐकायची असते. ज्याला समीक्षक कंटाळा म्हणतो, तो त्या गायनाचा कणा असतो.

अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी भारतीय संगीताचा विचार करताना आदिम, लोक, भक्ती, कला आणि जनसंगीत अशा कोटी मांडल्या आणि प्रत्येकीचे प्रयोजन व निकष वेगळे असल्याचे दाखवून दिले. या विचाराचा रोजच्या परीक्षणाला फार उपयोग आहे. कलासंगीतात गायकाचा वैयक्तिक विस्तार पाहायचा. लोकसंगीतात समूहाशी असलेले नाते पाहायचे. भक्तिसंगीतात शब्द आणि भाव श्रोत्यांपर्यंत पोहोचतात काय ते पाहायचे. किंगरीगायनाविषयी लिहिणाऱ्याने विचारायला हवे: कथा पूर्ण आहे की तोडून लहान केली आहे? गायकाचा आणि वाद्याचा संवाद ऐकू येतो की ध्वनिमुद्रकाने वाद्य मागे ढकलले आहे? झेलकऱ्यांचे आवाज ठेवले आहेत की ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात काढून टाकले आहेत? स्टुडिओत घातलेला यंत्राचा ठेका मूळ लयीला बांधून टाकतो काय? आणि ज्यांची ही कथा आहे त्या माणसांना ती ऐकून काय वाटले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फोन करावा लागेल, कदाचित प्रवासही करावा लागेल. उत्तर मिळत नसेल तर तारे न देता केवळ वर्णन छापणे अधिक प्रामाणिक.

ताऱ्यांची पद्धत टाकून द्यावी, असा याचा अर्थ नाही. घाईच्या वाचकाला खूण हवी असते आणि ती देण्यात कमीपणा नाही. मात्र ताऱ्यांच्या वर किमान चार गोष्टी असाव्यात: काय ऐकले, कशावर ऐकले, कशाशी ताडून पाहिले आणि गायकाशी आपला काही संबंध आहे काय. एवढे सांगितले की साडेतीनला अर्थ येतो. वाचकाच्या हातीही एक साधा उपाय आहे. परीक्षण वाचून झाल्यावर त्यात उल्लेखलेले एक गाणे ऐकावे आणि समीक्षकाने दाखवलेली जागा आपल्याला सापडते का ते पाहावे. सापडली, तर ते परीक्षण खरे ठरले, मग मत पटो अथवा न पटो. त्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी पणजी आणि वांकिडी यांतले अंतर आता फार उरलेले नाही.